ट्रेडमार्क कायद्याचा तुलनात्मक अभ्यास : बडोद्यातून तयारी कशी करावी?

शिकाऊ_वकील, बडोदा :
महाराजा सयाजीराव विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन मी सध्या येथील एका वकिलांच्या कार्यालयात काम करते. औषध कंपन्यांच्या कामांमुळे ट्रेडमार्क अर्जांवरील हरकती, प्रत्युत्तरे आणि अहमदाबादच्या नोंदणी कार्यालयातील सुनावण्या यांची ओळख झाली; परंतु अशिलाला औषधाचे तेच नाव युरोपात किंवा अमेरिकेत वापरायचे असले, की माझे ज्ञान तोकडे पडते. एलएल.एम. (कायद्यातील पदव्युत्तर पदवी) भारतात करावे की परदेशात, आणि तोवर काय वाचावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

मांडवीकर :
विद्यापीठाची निवड थोडी लांबणीवर टाका आणि आधी 2001 सालचा कॅडिला हेल्थकेअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मुळातून वाचा. तो दावा आपल्याच बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात दाखल झाला होता. ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही या दोन कंपन्यांच्या मलेरियावरील औषधांची मिळतीजुळती नावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारे औषध असल्याने गोंधळ होणार नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने पुरेसा मानला नाही. औषधांसाठी अधिक काटेकोर कसोटी हवी, हे ठरवताना अमेरिकी निकालांचा आधार घेतला गेला, तर इंग्लिश कायद्याची तत्त्वे येथील परिस्थितीत जशीच्या तशी लागू करण्यास नकार दिला गेला. तुलनात्मक अभ्यास म्हणजे काय, हे कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा या एका निकालातून अधिक स्पष्ट होते.

त्यानंतर एकच प्रश्न धरून देशोदेशी फिरावे : हक्क आधी वापरणाऱ्याचा की आधी नोंदवणाऱ्याचा? आपल्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 34 आधीपासून अखंड वापर करणाऱ्याला नोंदणीधारकाविरुद्धही संरक्षण देते. अमेरिकेत 1946 च्या लॅनहॅम कायद्याखाली हक्काचे मूळ वापरातच मानले जाते. युरोपीय संघात मात्र नोंदणीला प्राधान्य असून सलग पाच वर्षे वापर नसल्यास ती रद्द होऊ शकते. ट्रेडमार्कची परदेशातील कीर्ती भारतात कितपत ग्राह्य धरावी, यासाठी 1996 चा व्हर्लपूल आणि 2017 चा टोयोटा ‘प्रियस’ हे निकाल एकापाठोपाठ वाचावेत, कारण दुसऱ्यात कीर्ती भारतात पोहोचल्याचा पुरावा अधिक कडकपणे मागितला गेला.

अलकापुरी_वाचक :
वरील सल्ला योग्य असला तरी कार्यालयात रोज उपयोगी पडणारा माद्रिद प्रोटोकॉल, म्हणजे ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचा करार, त्यात राहून गेला. भारत 2013 मध्ये त्यात सहभागी झाला. एका अर्जात अनेक देश निवडता येतात, ही सोय खरी. पण पहिल्या पाच वर्षांत मूळ भारतीय अर्ज किंवा नोंदणी कोसळली, तर आंतरराष्ट्रीय नोंदणीही त्या प्रमाणात कोसळते. अशिलाला हे आधी सांगणारे वकील थोडेच भेटतात.

अभ्यासक्रमांपैकी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचा आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सहकार्याने चालणारा तुरीन विद्यापीठाचा एलएल.एम. अवश्य पाहावा. तत्पूर्वी त्याच संघटनेच्या अकादमीचा प्राथमिक दूरशिक्षण अभ्यासक्रम विनाशुल्क करता येतो.

शिकाऊ_वकील, बडोदा :
दोघांचेही आभार. भारतातील एक वर्षाचे एलएल.एम. आधी केले, तर वेळ वाया जाईल का?

मांडवीकर :
अध्यापनात जायचे असेल तर मुळीच नाही. वकिलीच करायची असेल, तर मात्र आणखी काही काळ कार्यालयात माद्रिदचे अर्ज हाताळून थेट परदेशी जाणे मला अधिक फलदायी वाटते. शुल्क भरण्यापूर्वी प्रबंधाचा विषय ठरलेला असावा.