मदत हवी आहे: शनिवारी खोंडांना खच्ची करायला बँड लावायचे आहेत, धनुर्वाताची लस वेगळी लागते का?

घाईत_आहे:
२३ खोंडं आहेत. सेव्हन-वे (सात जंतूंची एकत्र लस) तीन आठवड्यांपूर्वी देऊन झालीय. शेजारी म्हणतो धनुर्वाताचं वेगळं द्यावं लागतं. हो की नाही तेवढं सांगा, उद्या औषध मागवायचंय.

कोरडवाहू:
देश कुठला? वय, वजन? बूस्टर झाला का? बँड म्हणजे बारीक हिरवी रिंग की यंत्राने आवळायची जाड रबरी नळी?

मेलबर्नकर:
काही लागत नाही. सेव्हन-इन-वनमध्ये धनुर्वात असतोच. निवांत बँड लावा.

कोरडवाहू:
अहो, देश कळू तर द्या! तुमच्या ऑस्ट्रेलियाच्या सातात पाच क्लॉस्ट्रिडियम (धनुर्वाताच्या कुळातले जंतू) आणि दोन लेप्टो (दुसऱ्या कुळातले), त्या पाचांत धनुर्वात येतो. अमेरिकेच्या सेव्हन-वेत फऱ्या, सॉर्डेली, परफ्रिंजन्स वगैरे सातही क्लॉस्ट्रिडियम, तरी टिटॅनी (धनुर्वाताचा जंतू) नाही. आकडा सारखा, माल वेगळा.

घाईत_आहे:
टेक्सास. सहा महिन्यांची, साडेचारशे पौंडांच्या आसपास. जाड नळीवाला बँड. बूस्टर नाही दिला, तो लागतो?

गोठा_सातारा:
लाळ्या-खुरकूतची लस आधी द्या. आणि रबर कशाला, बर्डिझोने (नस दाबायच्या चिमट्याने) चेचा. कातडं फाटत नाही, धनुर्वाताचा प्रश्नच मिटला.

कोरडवाहू:
अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या-खुरकूत नाही, तिथे ती लस देत नाहीत. बर्डिझोचं म्हणणं रास्त आहे, फक्त दोन्ही बाजूंच्या नसा वेगवेगळ्या दाबायच्या. दाबाच्या रेषा मध्ये जुळल्या तर खालचं कातडं मरतं, मग रबर काय वाईट होतं?

चाकूवाला:
सरळ चाकू. अंडकोशाचा खालचा तिसरा भाग कापून टाका म्हणजे निचरा होतो. भोक बारीक ठेवलं की आत रक्त साचतं आणि मग बोंब.

गोठ्यावरचा_डॉक्टर:
सहा महिन्यांच्या खोंडाला बँड लावला की अंडकोश गळून पडायला चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस बँडखाली मेलेलं, हवा न पोचणारं मांस लोंबत असतं. धनुर्वाताच्या जंतूला आणखी काय हवं? चार दिवसांच्या वासराला बारीक रिंग लावणं वेगळं.

नीट करायचं तर शनिवार सोडा. आता धनुर्वाताचा टॉक्सॉइड (म्हणजे लस), चार आठवड्यांनी बूस्टर, त्यानंतर दोन आठवड्यांनी बँड. कोव्हेक्सिन ८ या एट-वे लसीत टिटॅनी आहे. नुसतं 'एट-वे' मागू नका, काही एट-वेत आठवा हिमोलिटिकम हा दुसराच जंतू असतो. लेबलवर 'टिटॅनी' हा शब्द बघूनच पैसे द्या.

घाईत_आहे:
शनिवार हलत नाही, माणसं सांगून झालीत.

गोठ्यावरचा_डॉक्टर:
मग तुमच्या व्हेटला विचारून बँडच्याच दिवशी अँटिटॉक्सिन (विषावरचं तयार औषध, लगेच लागू पडतं) १५०० युनिट आणि टॉक्सॉइड, दोन्ही द्या. सिरिंज वेगळ्या, मानेच्या बाजूही वेगळ्या. अँटिटॉक्सिन दोनेक आठवडेच टिकतं, अंडकोश त्याहून जास्त दिवस लोंबतो. त्यामुळे बूस्टर चुकवू नका. तरी मध्ये फट राहते ती राहतेच.

पेनिसिलिनप्रेमी:
एवढा खटाटोप कशाला? पेनिसिलिन मारा.

गोठ्यावरचा_डॉक्टर:
पेनिसिलिन जंतू मारतं, नसांत शिरलेल्या विषाला हात लावत नाही. आणि जून २०२३ पासून तिथे ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

सात्विक_भोजन:
गोमांसासाठी वासरं पाळणाऱ्यांना मराठी मंचावर मदत करावी का?

कोरडवाहू:
वेगळा धागा काढा.

घाईत_आहे:
सेव्हन-वेची बाटली पाहिली, टिटॅनी कुठेच नाही. अँटिटॉक्सिन आणि टॉक्सॉइड मागवलं. सुई कुठली?

कोरडवाहू:
१८ गेज, पाऊण इंच. मानेचं कातडं चिमटीत तंबूसारखं उचलून सुई त्यात, मांसात नाही (टॉक्सॉइडच्या लेबलवर मांसात म्हटलं असेल तर तसं). दर १० ते १५ जनावरांमागे सुई बदला. बाटल्या २ ते ८ अंशांत, बर्फाला टेकवू नका, गोठलेली लस फेकायची. आणि बँड सोडण्याआधी खाली दोन्ही गोळ्या हाताने मोजा. एक वर सटकलेली असली तर तो वळूच राहिला म्हणून समजा.

गोठ्यावरचा_डॉक्टर:
अंडकोश गळून जखम भरेपर्यंत रोज नजर ठेवा. शेपूट ताठ, डोळ्यावर पांढरा पडदा, पोट फुगलेलं, चाल काठीसारखी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासाला व्हेट.