मदत हवी आहे: ६० जणांची खिचडी रात्रीपर्यंत गरम कशी ठेवावी? (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमच्या लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) चर्चच्या मंडळीतर्फे कळव्यातल्या रुग्णालयाबाहेर थांबणाऱ्या नातेवाइकांना दर शनिवारी मूगडाळ खिचडी देतो. प्रमाण ठरलेलं आहे: तांदूळ ४ किलो, मूगडाळ २ किलो, पाणी साधारण २५ लिटर. शिजवणं जमतं, अडतं ते पुढे. पाचला उतरवलेली खिचडी आठपर्यंत घट्ट गोळा होते. गरम असतानाच डब्यांत भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी आत सुटतं, कोमट राहते आणि पावसाळ्यात आंबते. ६० अंशांच्या खाली तासन्‌तास राहिलेलं अन्न आजाऱ्याच्या घरच्यांना देणं बरोबर नाही.

जांभळी नाक्याजवळ २० लिटरचे, दुहेरी भिंतीचे स्टीलचे डबे भाड्याने मिळतात का? अनामत किती घेतात? वरून उकळतं पाणी घालून सैल केली तर चव टिकते का? केटरिंगवाल्यांनी जरूर सांगा.

हिशेबाचंही विचारायचंय. १५२३ मध्ये जर्मनीतल्या लाइस्निग गावच्या लुथरन मंडळीच्या मदतपेटीला (गरजूंसाठीच्या सामाईक निधीच्या पेटीला) चार कुलपं आणि चार वेगळ्या गटांकडे किल्ल्या होत्या, म्हणजे कुणा एकाला ती उघडता येत नसे. तशी सोय यूपीआयच्या देणग्यांसाठी कशी करावी? दोन सह्यांचं खातं चालेल का?