मदत हवी आहे : मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावरची बंदी अमेरिकेत का टिकली नाही?

नमस्कार. अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर सरकारने निर्बंध घालावेत का, या विषयावर मी एक टिपण तयार करत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०११ रोजी दिलेला ‘ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन’ हा निकाल वाचताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. घटनात्मक कायद्याचा अभ्यास असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रकरण थोडक्यात असे. कॅलिफोर्नियाने २००५ साली कायदा करून १८ वर्षांखालील व्यक्तीला हिंसक गेम विकणे किंवा भाड्याने देणे दंडनीय ठरवले. दंड एक हजार डॉलरपर्यंत होता आणि अशा गेमच्या वेष्टनावर ‘१८’ हा आकडा छापणे सक्तीचे होते. ज्या गेममध्ये माणसाच्या प्रतिमेला ठार मारणे, तिचे अवयव तोडणे किंवा तिच्यावर लैंगिक अत्याचार करणे हे पर्याय खेळाडूपुढे असतात, ज्याचे चित्रण मुलांच्या विकृत कुतूहलाला खतपाणी घालते आणि ज्याला मुलांच्या दृष्टीने काहीही गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य नसते, असा गेम या कायद्याच्या कक्षेत येत होता. आईवडिलांनी तोच गेम विकत घेऊन मुलाच्या हाती दिला तर मात्र कायद्याची हरकत नव्हती. हा कायदा अंमलात येण्यापूर्वीच त्याला स्थगिती मिळाली आणि शेवटी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो रद्द झाला.

आता माझी अडचण. ‘गिन्सबर्ग विरुद्ध न्यूयॉर्क’ या १९६८ च्या खटल्यात याच न्यायालयाने १७ वर्षांखालील मुलांना नग्न चित्रांची मासिके विकण्यावरची बंदी वैध ठरवली होती, आणि ती मासिके प्रौढांच्या दृष्टीने अश्लील नव्हती. कॅलिफोर्नियाने आपली व्याख्या जवळपास त्याच साच्यात बेतली होती. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र असलेले मासिक विकता येणार नाही, पण ज्या गेममध्ये तो स्वतः त्या स्त्रीला बांधून, छळून ठार मारतो तो विकता येईल, यात कसली संगती आहे, असा न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांच्या भिन्नमताचा आशय आहे आणि मला तो बिनतोड वाटतो. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे उत्तर असे, की मुलांपासून हिंसेचे वर्णन दूर ठेवण्याची परंपरा अमेरिकेत कधीच नव्हती. परीकथांमध्येही रक्तपात भरपूर असतो. पण परंपरेचा दाखला मागायचा, तर कोणत्याही नव्या माध्यमाबाबत विधिमंडळाचे हात कायमचेच बांधले जात नाहीत का?

दुसरी शंका व्यावहारिक आहे. जर्मनीत २००३ पासून आणि ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून वयाची ठरावीक रेटिंगे विक्रेत्यांवर कायद्याने बंधनकारक आहेत. अमेरिकेतही १९९४ पासून उद्योगाचे स्वतःचे रेटिंग मंडळ, म्हणजे ईएसआरबी, आहे. त्याच्याच रेटिंगला कायद्याचे बळ देऊन मार्ग काढता येणार नाही का?

प्रतिसाद १

आपण सात विरुद्ध दोन या आकड्यावर थांबलात, तर निकाल आहे त्यापेक्षा अधिक ठाम दिसतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर स्कॅलिया यांच्यासह पाचच न्यायमूर्ती होते. सॅम्युएल अलिटो आणि सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कायदा रद्द करण्यास संमती दिली ती केवळ व्याख्या मोघम आहे म्हणून, आणि गेमचा अनुभव पुस्तक वाचण्यापेक्षा वेगळा असू शकतो हा प्रश्न त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला. क्लॅरेन्स थॉमस यांचे भिन्नमत तर तिसऱ्याच दिशेने जाते: पालकांना वगळून थेट मुलांशी बोलण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीत, म्हणजे अमेरिकी घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीत, मुळात अभिप्रेतच नव्हता, असे ते म्हणतात.

गिन्सबर्गबाबत बहुमताची भूमिका अशी, की अश्लीलता हा वर्ग आधीपासूनच घटनात्मक संरक्षणाबाहेर होता आणि न्यूयॉर्कने त्याची सीमा मुलांच्या वयाला अनुसरून सरकवली. कॅलिफोर्नियाने मात्र नवा वर्गच निर्माण केला. असे नवे वर्ग विधिमंडळाने केवळ लाभहानीचा हिशोब मांडून तयार करू नयेत, असे न्यायालयाने त्याच्या आदल्या वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेच्या चित्रीकरणासंबंधीच्या स्टीव्हन्स खटल्यात सांगितले होते. म्हणून हात बांधले जातात हे खरे, पण पूर्णपणे नव्हे. कठोर छाननीत, म्हणजे निर्बंधाची तातडीची गरज सरकारनेच सिद्ध करावी या कसोटीत, उतरणारा पुरावा आणला तर बंदी टिकू शकते. कॅलिफोर्नियाने आणलेले मानसशास्त्रीय अभ्यास फार तर सहसंबंध दाखवत होते, कार्यकारणभाव नव्हे, आणि त्यांत दिसलेला परिणाम कार्टून पाहिल्याने होणाऱ्या परिणामाहून वेगळा काढता येत नव्हता. मग कार्टून मोकळे सोडून गेमलाच का धरले, हा प्रश्न सरकारला जड गेला. ब्रेयर यांचा युक्तिवाद मलाही आकर्षक वाटतो. मात्र तो स्वीकारला तर गेमइतकाच गिन्सबर्गचा निकालही तपासावा लागेल, ही बाजू आपल्या टिपणात यावी.

प्रतिसाद २

रेटिंगचा मार्ग मिनेसोटाने चोखाळून पाहिला आहे. तिथल्या कायद्याने दुकानदाराला सोडून १७ वर्षांखालच्या खरेदीदारालाच २५ डॉलर दंड ठेवला होता, आणि कोणता गेम निषिद्ध हे ईएसआरबीच्या ‘एम’ (१७ वर्षे व त्यावरील) व ‘एओ’ (फक्त प्रौढांसाठी) या रेटिंगांवरून ठरत होते. आठव्या सर्किटच्या (मिनेसोटा ज्या विभागात येते त्या) संघीय अपील न्यायालयाने २००८ साली तोही अडवला. हिंसक गेममुळे मुलांचे मानसिक नुकसान होते याचा पुरेसा पुरावा राज्याला देता आला नाही. जर्मनी आणि ब्रिटनशी तुलना करताना तिथे पहिल्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आणि तिच्यावर उभी राहिलेली छाननीची पद्धत नाही, हे विसरू नये.

शिवाय ईएसआरबीच्या ऐच्छिक व्यवस्थेने सरकारचेच म्हणणे कमकुवत केले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००० साली अल्पवयीन मुलांना गुप्त ग्राहक म्हणून दुकानांत पाठवले, तेव्हा ८५ टक्के मुलांना ‘एम’ रेटिंगचा गेम विकत मिळाला. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. उरलेली फट बुजवणे ही तातडीची राज्यहिताची गरज ठरत नाही, असे स्कॅलिया यांनी याच पाहणीच्या आधारे लिहिले.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाच, दोन आणि दोन अशी निकालाची खरी विभागणी माझ्या नजरेतून निसटली होती. आता टिपणाची मांडणी तिच्याभोवतीच करतो. एक उपप्रश्न मात्र राहतो. व्यापार आयोगाच्या या पाहण्या दुकानांतल्या विक्रीच्या आहेत. आज गेम थेट डाउनलोड होतात आणि वय विचारणारा माणूसच समोर नसतो. तेव्हा ऐच्छिक व्यवस्था पुरेशी आहे, या निष्कर्षाचा आधार तितकाच भक्कम मानावा का?

प्रतिसाद १

तितका मानू नये. मात्र याने फक्त ‘गरज नाही’ हा एक आधार सैल होतो. परंपरेचा आणि पुराव्याचा हे दोन्ही आधार तसेच राहतात, आणि डाउनलोडसाठी वय पडताळायचे म्हटले की प्रौढ ग्राहकांच्या गोपनीयतेचा नवा वाद उभा राहतो. टिपणात हा भाग स्वतंत्र घ्यावा, ब्राउनच्या चर्चेत मिसळू नये.