मदत हवी आहे: बायपोलरची टोकं सारखी चिकटतात, चूक माझी की मशीनची?

नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूर तालुक्यातली, बेळगावात एका खासगी दवाखान्यात ओटीत (ऑपरेशन थिएटरात) स्टाफ नर्स आहे. सहा वर्षं हाडांच्या आणि पोटाच्या केसेसना स्क्रब होत आले, म्हणजे सर्जनच्या हातात हत्यारं देत आले. दोन महिन्यांपूर्वी मला न्यूरोला, मेंदूच्या ऑपरेशनांना घातलं. शिकवणारी सिस्टर नोकरी सोडून कोल्हापूरला गेली. ओटीत अर्धं बोलणं कन्नडात चालतं, ते जमतं मला. अडलंय भलतीकडेच.

परवा मेंदूतल्या गाठीची केस होती. बायपोलर फोर्सेप्सची (रक्तवाहिनी विजेने तापवून बंद करायच्या चिमट्याची) टोकं दर दोन-तीन मिनिटांनी काळी पडत होती. वाहिनी बंद करून सर फोर्सेप्स उचलायला गेले की वाहिनीच टोकाला चिकटून वर यायची. एकदा फाटली आणि परत रक्त सुरू. सर माझ्यावर ओरडले, "टोकं नीट साफ करून देत नाहीस." मी तर ब्लेडने खरवडून चकचकीत करून देत होते हो! तरी दर वेळी आधीपेक्षा लवकर चिकटायचं. मग मशीनवरच्या मुलाला करंट "वाढव, वाढव" चाललं होतं.

माझं नक्की काय चुकतंय? आणि सलाईन किती सोडायचं? केस चालू असताना सरांना विचारायची सोय नाही, आणि केस संपली की ते थांबत नाहीत.

निपाणीचा ओटीवाला:
ताई, आधी ते ब्लेड बाजूला ठेवा. टोकांवर ओरखडे पडले की काळं त्यातच जाऊन बसतं. तव्याला एकदा खरवडा बसला की आंबोळी सुटते का? ओल्या गॉजने पुसायचं, दर दोन-चार वापरांनंतर, काळं दिसायची वाट न बघता. ट्रेवर दोन फोर्सेप्स ठेवा, एक सरांच्या हातात, दुसरा तुमच्याकडे पुसला जातोय. वाळलेलं रक्त पुसायला गेलात की उशीर झाला म्हणून समजा. केसच्या आधी दांड्यांवरचं इन्सुलेशन बघा, कुठे निघालं असेल तर करंट तिथूनच बाहेर पडतो आणि नको तिथे भाजतं.

न्यूरोत शिकतोय:
वरचं बरोबर आहे, पण "वाढव, वाढव" हा खरा घोळ आहे. टोकावर जळलेलं रक्त बसलं की करंट नीट जात नाही. जात नाही म्हणून मशीनवरचा आकडा वाढवतात, वाढवला की अजून जळतं. साधारण ६० अंशांच्या पुढे प्रथिनं गोठायला लागतात, वाहिनी बंद व्हायला तेवढं पुरतं. १०० ला पाणी उकळतं आणि त्याच्यापुढे नुसता कोळसा. आपल्याला वाहिनी पांढरी पडून आकसलेली हवी असते, जळालेली नाही.

पोटाच्या केसमध्ये कापायला-जाळायला वापरतात ती विजेची पेन्सिल वेगळी. तिचा करंट शरीरातून मांडीवरच्या प्लेटपर्यंत जातो. मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी यांनी बनवलेलं ते मशीन १ ऑक्टोबर १९२६ ला बोस्टनमध्ये वापरलं, तेही डोक्याच्याच केसमध्ये. बायपोलर नंतर आला. त्यात करंट फक्त दोन टोकांमध्ये फिरतो, म्हणून शेजारच्या मेंदूला आणि नसांना धक्का कमी. मात्र उष्णता पसरतेच. दृष्टीच्या नसेजवळ तर बरेच सर्जन कॉटरी (विजेने जाळणं) टाळून सर्जिसेल (रक्त थांबवणारं कापड) आणि ओली पॅटी (कापसाची छोटी पट्टी) ठेवून थांबतात.

दोन्ही टोकं एकमेकांना टेकली तर करंट तिथल्या तिथेच फिरतो, वाहिनीला काहीच मिळत नाही. हे सरांना सांगायची तुमची पाळी येऊ नये म्हणा.

धागाकर्ती:
मग सलाईन भरपूर सोडू का? गार राहील ना.

न्यूरोत शिकतोय:
नाही. सलाईनमधून वीज वाहते. जागा पाण्याने भरली की करंट त्यातच पांगतो, वाहिनी तापत नाही, आणि परत आकडा वाढवायची हाक येते. टोकांवर थेंब-थेंब पडलं पाहिजे, तळं साचता कामा नये. आणि वाहिनी चिकटलीच तर ओढायचं नाही, दोन थेंब सोडून टोकं हळूच उघडली की सुटते.

अजून एक. दुसऱ्या दवाखान्यातला आकडा आपल्या मशीनला लावू नका, प्रत्येक मशीनचा हिशेब वेगळा. कमीपासून सुरुवात करून सरांना लागेल तसं वर जायचं.

धागाकर्ती:
काल दोन तासांची केस झाली. ब्लेड ट्रेवर ठेवलंच नाही, फोर्सेप्स दोन घेतले, सलाईनचा थेंब मी स्वतः धरला. आकडा तिसऱ्यांदा वाढवायला सांगितला तेव्हा मी हळूच म्हटलं, "सर, आधी पुसून देऊ का?" त्यांनी फोर्सेप्स माझ्याकडे दिला. एकदा चिकटलं, बाकी नाही. जुन्या जोडीच्या टोकांवर ओरखडे दिसतात, ती बदलून द्या म्हणून स्टोअरला चिठ्ठी दिली आहे. उत्तर अजून नाही.