भावाला सिम्पसन्सचा तो भाग दाखवू का?

कोपरीकर: ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा १९९३ चा ‘बार्ट्स इनर चाइल्ड’ हा भाग काल परत पाहिला. आत्मसुधारणेची शिबिरं घेणारा ब्रॅड गुडमन बार्ट या वांड पोराचं उद्धट उत्तर उचलून धरतो, ‘मनात येईल ते करा’, आणि अख्खं गाव बार्टसारखं वागायला लागतं. माझ्या धाकट्या भावाने घोडबंदर रोडला असंच शिबिर केलं, अठरा हजार भरून. आता आईने कोथिंबीर आणायला सांगितली तरी म्हणतो, ‘आतून येत नाहीये.’ आई पिशवी घेऊन स्वतःच तीन मजले उतरते. बघवत नाही हो. दाखवू का त्याला?

वाशीकर: दाखव, पण शेवटासकट. गायक जेम्स ब्राऊन गात असताना स्टेज कोसळतं, कारण बोल्ट नीट लावावेत असं कुणाला वाटलंच नाही! तेवढा एक प्रसंग पुरे.

ऐरोलीची ताई: आधी तो गेला का ते विचार. नोकरी सुटल्यावर मीही गेले होते. मधे न तोडता माझं कुणीतरी ऐकलं, ते तिथेच.

कोपरीकर: ताई, त्याचीही नोकरी मार्चमध्येच गेली. मी विचारलंच नाही कधी. रविवारी तलावपाळीला नेतो त्याला.