ऑफिसचं व्हीपीएन परत बंद

सौ. देशपांडे, बी-४०२ (खजिनदार): नमस्कार मंडळी. सोसायटी ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडणारी सुरक्षित लाइन) आज परत बंद. अकाउंटंट ताई चिंचवडला सकाळपासून टॅली उघडून बसल्यात, कनेक्शन लागतच नाही. १० तारखेला बिलं निघाली नाहीत तर मला विचारू नका.

जाधव, सी-१०४: श्री स्वामी समर्थ 🙏 शुभ गुरुवार

शिंदे, बी-२०३: हा राउटर तीन कोटेशन न घेता आणला होता. वार्षिक सभेला विचारलं, उत्तर मिळालं नाही.

पाटील (चेअरमन): शिंदे साहेब, आत्ता तो विषय नको. वॉचमन बंद-चालू करतोय.

सौ. देशपांडे: बंद-चालू करून तासभर चालतं हो. परत तेच.

गोखले आजोबा, सी-३०१: गेटचा कॅमेराही मोबाइलवर दिसत नाही. परवा माझ्या गाडीला कोणी घासून गेलं त्याचं फुटेज मागितलंय. कोणी दखल घेईल का?

जाधव, सी-१०४: आजोबा, गाडी पिवळ्या रेषेच्या आत लावली तर घासणार नाही.

गोखले आजोबा: रेषा तुम्ही नंतर मारलीत. गाडी आधीपासून तिथेच असते.

पाटील (चेअरमन): कृपया विषयावर बोला 🙏

स्वप्नील, ए-३०४: एवढं कशाला? राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून टाका. कॅमेरे, टॅलीचा कॉम्प्युटर, सगळं थेट बाहेरून दिसेल. ओळखीचा मुलगा ५०० रुपयांत करून देतो.

अनघा, बी-६०१: स्वप्नीलदादा, हे कृपा करून नको. त्या कॉम्प्युटरवर आपल्या सगळ्यांचे फोन नंबर, भाडेकरूंचे करार, आधारच्या झेरॉक्स आहेत. पोर्ट उघडलं की ते आपल्यापुरतं उघडत नाही, सगळ्या जगाला उघडतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने बाहेरून उघडे असलेले, मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. आपल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कोणी बदललाय का? मला तरी खात्री नाही.

स्वप्नील, ए-३०४: मी मदतच करत होतो. असो.

शिंदे, बी-२०३: तीन कोटेशन.

अनघा, बी-६०१: आजोबा, तुमचं फुटेज गेलेलं नाही. रेकॉर्डिंग ऑफिसातल्या डब्यातच होतं, व्हीपीएन फक्त बाहेरून बघायला लागतं. मी संध्याकाळी काढून देते, जुनं पुसलं जायच्या आत.

गोखले आजोबा: धन्यवाद बाळ. इतक्या दिवसांत कोणीतरी सरळ उत्तर दिलं.

अनघा, बी-६०१: देशपांडे काकू, गुरुवारी लाइट जाऊन आल्यावरच लागत नाही ना?

सौ. देशपांडे: हो गं! आजही सकाळी लाइट गेली होती.

अनघा, बी-६०१: आत्ता खाली जाऊन राउटरच्या नोंदी (लॉग) बघितल्या. राउटरवर तारीख १ जानेवारी १९७०. त्याच्या घड्याळाला आत बॅटरी नाही, लाइट गेली की वेळ विसरतो. परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ विचारतो, पण फायबरचा डबा त्याच्यापेक्षा उशिरा सुरू होतो. वेळ मिळत नाही, म्हणून १९७० सालात बसून तो ताईंचं सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) अजून लागूच झालं नाही असं समजून नाकारतो. वॉचमनने नंतर बंद-चालू केलं की तोवर नेट आलेलं असतं, म्हणून लागतं.

जाधव, सी-१०४: मग तासाने का तुटतं?

अनघा, बी-६०१: तो दुसरा बिघाड. व्हीपीएन ठरावीक वेळाने आपली किल्ली बदलतं, आपल्याकडे ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, भरलेत. बदलताना हा राउटर अडकतो. ताईंच्या बाजूला वेगळा आकडा भरलाय का, तेही बघावं लागेल. त्यात तो मीटर रूममध्ये लोखंडी कपाटात बंद, हात लावला तर चटका बसतो. पाटील काका, आधी तो ऑफिसात हलवूया आणि राउटर व फायबर दोन्हीला छोटा यूपीएस लावूया. पण कंपनीने याचे अपडेट बंद केलेत. हाच राउटर आपली फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत. तीच जुनी राहिली तर तिच्या भरवशावर बसता येणार नाही. बदलावाच लागेल.

जाधव, सी-१०४: त्यापेक्षा स्वस्तातलं इंटरनेट घेऊ. माझ्या घरी निम्म्या पैशांत आहे.

अनघा, बी-६०१: काका, त्यात बहुतेक स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा आपला न बदलणारा पत्ता) नसेल. तुमच्या राउटरवर बाहेरचा आयपी १००.६४ ने सुरू होत असेल तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून आत यायला रस्ताच नाही.

शिंदे, बी-२०३: नवीन घेताना तरी तीन कोटेशन.

पाटील (चेअरमन): शिंदे साहेब, मान्य. मागच्या वेळी घाई झाली होती, पण खोटा व्यवहार झाला नाही, हेही लक्षात घ्या. दोन मी आणतो, तिसरं तुम्ही आणा. शनिवारी ६ वाजता ऑफिसात.

शिंदे, बी-२०३: आणतो. लेखी हवीत, तोंडी नाही.

सौ. देशपांडे: कनेक्शन लागलं. ताई बिलं काढायला लागल्या.

अनघा, बी-६०१: काकू, त्यांना दर अर्ध्या तासाने सेव्ह करायला सांगा. आणि पाटील काका, राउटरचा ॲडमिन पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय, तो आजच काढा.