लातूर: जीएसटीची नोटीस आणि मुनिमांच्या हिशोबाची शंका, जाणकार सीए सुचवा

मांजराकाठची:
नमस्कार. लातुरात आमचं सळई-सिमेंटचं दुकान आहे. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून मी बघते. परवा कळलं की २०२१-२२ ची डीआरसी-०१, म्हणजे जीएसटीची कर मागणीची नोटीस, येऊन १२ दिवस झालेत. कलम ७४, म्हणजे फसवून कर बुडवल्याचं कलम, लावलंय, ७ लाख ४० हजारांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाकारलंय, कारण दोन पुरवठादारांची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झालीय. जीएसटी पोर्टलवर मोबाइल नंबर आमच्या कर सल्लागारांचा, त्यामुळं घरी कुणालाच मेसेज आला नाही. त्या पार्ट्यांची नावं बाबांना आठवत नाहीत. बिलं चढवायचे मुनीमकाका, १८ वर्षं आमच्याकडं आहेत. सल्लागार म्हणतात, भरून मोकळे व्हा. मला आधी हे कळायला हवं की माल खरंच आला होता का. असं खोदून हिशोब तपासणारं मराठवाड्यात कुणी आहे का?

गोदाकाठ:
ताई, मुनिमांना अजून काही विचारू नका. आमच्या जिनिंगमध्ये मी आधी भांडलो आणि दुसऱ्या दिवशी कच्च्या वह्या गायब झाल्या. आजच टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या, दुकानाचा कॉम्प्युटर कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेलही बदलून घ्या, मालकाच्या सहीनं ते होतं.

बिलावरून माल आला का ते कळत नाही. काटापावती, ई-वे बिलातला (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदातला) गाडी नंबर आणि हमालीची नोंद शेजारी ठेवून बघा. सळई हमालाशिवाय उतरत नाही. ज्या दिवशी दहा टनांचं बिल आहे आणि रोजमेळात हमालीचा एक रुपया नाही, तिथं थांबा. पार्टीला बँकेतून पैसे गेल्यावर तेवढीच रोख कुठून परत आली का, तेही बघा. आमचं काम संभाजीनगरच्या एका सीए बाईंनी केलं. नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय.

खतावणी_जालना:
मी सीए आहे. शोध आणि नोटिशीचं उत्तर वेगळं काढू नका, एकावर दुसरं ठरतं. नोटिशीपासून ३० दिवसांत कर, व्याज आणि २५ टक्के दंड भरला तर प्रकरण तिथंच मिटतं. आदेशानंतर ३० दिवसांत भरलं तर दंड ५० टक्के, त्यापुढं १०० टक्के. म्हणजे बिलं खोटी आहेत का हे तुम्हाला उरलेल्या १८ दिवसांतच कळायला हवं. खरी असतील तर डीआरसी-०६ या उत्तराच्या फॉर्ममध्ये पुराव्यांसकट उत्तर द्या आणि सुनावणी मागा. पुरवठादाराची नोंदणी गेली म्हणून तुमची खरेदी आपोआप खोटी ठरत नाही, पण जीएसटी कायद्याच्या कलम १५५ प्रमाणं ती खरी असल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. आदेश विरोधात गेला तर तीन महिन्यांत अपील करता येतं, वादातल्या कराचे १० टक्के भरून.

तपासणीला आत्ताचे सल्लागार नकोत, ती रिटर्नं त्यांनीच भरलीत. आयसीएआयचा (सीएंच्या संस्थेचा) फॉरेन्सिकचा, म्हणजे हिशोबातले घोटाळे शोधण्याचा, कोर्स केलेला माणूस बघा आणि फी आधी कागदावर घ्या. पुढं पोलिसांत जायची वेळ आली तर कॉम्प्युटरमधल्या नोंदींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हेही त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.

मांजराकाठची:
दोघांचे मनापासून आभार. काटापावत्यांचं पोतं माळ्यावर सापडलं. नऊ बिलांपैकी सहांची पावती आणि हमाली दोन्ही जुळतात, तिघांचं काहीच नाही. सोमवारी संभाजीनगरला निघालेय. काकांना अजून काही बोलले नाही. बाबा रोज त्यांची चौकशी करतात.